पकड, धक्का आणि एफआयआर

घोटापकड (धागाकर्ता)

"खेळताना हाड मोडलं की मोडणाऱ्यावर सरळ गुन्हा नोंदवा, मैदान काय कायद्याबाहेर आहे का?" कबड्डीच्या धाग्यावरचं हे वाक्य आणि खाली पडलेल्या टाळ्या वाचून राहवलं नाही. तिथल्या प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

भारतीय न्याय संहितेचं कलम 116 बघा. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं, सगळं "जबर दुखापती"त येतं. कलम 117(2) प्रमाणे शिक्षा सात वर्षांपर्यंत, शिवाय दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. आता कोपऱ्यातली पकड डोळ्यासमोर आणा. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो, कोपरारक्षक खाली झेपावून घोटा धरतो. चढाईपटू मध्यरेषेकडे वळू पाहतो. घोटा जागेवर, गुडघा फिरलेला, आणि त्याच क्षणी साखळी (हात धरून उभे असलेले बाकीचे रक्षक) येऊन वर पडते. हाड जातं ते असं. पकड मात्र शंभर टक्के नियमातली.

तुमच्या हिशोबाने बालेवाडीतला प्रत्येक चांगला कोपरारक्षक येरवड्यात हवा. कात्री मारली (दोन पायांत समोरच्याला अडकवलं), गळा दाबला, तोंड दाबलं, तर पंच आहेत, कार्ड आहेत, संघटनेची बंदी आहे. पोलिसांनी लांब राहावं.

काळाकोट

अर्धं कलम वाचून घाबरवण्याचा उद्योग छान जमलाय. 117 ला इरादा लागतो, किंवा जबर दुखापत होणार याची जाणीव. नुसतं हाड मोडून भागत नाही. आणि कलम 25 का गाळलंत? अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापतीचा इरादा किंवा जाणीव नसेल, तर तो गुन्हा नाही. खाली उदाहरणच तलवारबाजीचं आहे: दोघे गंमत म्हणून खेळतात, नियमाने खेळताना एकाला लागलं, गुन्हा नाही. "नियमाने खेळताना" हे शब्द दोनदा वाचा. तुमच्या कोपरारक्षकाला तिथेच संरक्षण आहे. शिट्टी झाल्यावर पाठमोऱ्या माणसाच्या मानेत कोपर घालणाऱ्याला नाही.

इंग्लंडच्या अपील कोर्टाने 2004 मध्ये बार्न्स प्रकरणात हेच सांगितलं. हौशी फुटबॉल, उशिरा आलेला टॅकल, समोरच्याच्या पायाला गंभीर दुखापत, आणि तरी दोषसिद्धी रद्द. फाउल म्हणजे गुन्हा नव्हे, लाल कार्डाचा फाउल म्हणजेही आपोआप गुन्हा नव्हे. पण काही कृत्यं त्यापलीकडची असतात. आइस हॉकीत मॅकसॉर्लीने 2000 साली ब्रॅशियरच्या डोक्यावर स्टिक हाणली, तो हत्याराने मारहाणीत दोषी ठरला. 2004 मध्ये बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडलं, मानेची हाडं मोडली, मूर पुन्हा एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची व्यावसायिक लीग) खेळला नाही.

घोटापकड

आणि शिक्षा काय झाली तेही सांगा की. मॅकसॉर्लीला तुरुंग नाही. बर्टुझीने गुन्हा कबूल केला, एक वर्षाचं प्रोबेशन आणि 80 तास समाजसेवा. एवढ्यासाठी कोर्ट?

काळाकोट

मग स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डंकन फर्ग्युसन घ्या. रेंजर्स क्लबकडून खेळताना 1994 मध्ये प्रतिस्पर्ध्याला डोक्याने धडक दिली. रेफरीने कार्डसुद्धा काढलं नव्हतं. कोर्टाने तीन महिने दिले, 44 दिवस तुरुंगात काढले. तुमचे पंच आणि कार्ड तिथे काय करत होते?

घोटापकड

त्याच्या नावावर आधीच्या मारहाणीच्या शिक्षा होत्या, हे सोयीस्कर विसरलात. असो.

थर्डमॅन

स्कॉटलंडला कशाला जाताय? आपला क्रिकेटपटू रमण लांबा. जानेवारी 1991, जमशेदपूर, दुलीप करंडकाची फायनल. रशीद पटेल स्टंप उपटून लांबाच्या मागे धावला. पटेलला 13 महिने बंदी, लांबाला 10. लांबाच्या जिवावर बेतलं नाही, पण हातात स्टंप, खेळाशी संबंध शून्य. हाच लांबा 1998 मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा होता. मेहराब हुसेनचा फटका डोक्याला लागला आणि तो गेला. त्यात कुणाचाही दोष नाही. एकाच माणसाच्या दोन घटना. जखम बघून गुन्हा ठरवणाऱ्यांनी आधी त्या शेजारी मांडून बघाव्यात.

आणि क्रिकेटचा कायदा 42 आहे ना. पंचावर किंवा खेळाडूवर हात टाकला तर चौथी पातळी: समोरच्या संघाला 5 धावा, खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर, वर अहवाल. टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटमध्ये हे कोण पाळतं, हा वेगळाच विषय.

तांबडी माती

बंदी, बंदी, बंदी. कुणाची बंदी? नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली, एक फुलगावला, एक धाराशिवला. 2025 ला फेब्रुवारीत अहिल्यानगर, मार्चमध्ये कर्जत. दोन संघटना, दोन गदा. अहिल्यानगरला पैलवान शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी पडली. ठीक. पण एकाचं दार बंद आणि शेजारच्याचं उघडं, असं असेल तर बंदीचा धाक कसला? वर गावोगावच्या जत्रेचे फड. तिथे इनाम लावणारी पंचकमिटी कुठल्या संघटनेला विचारते?

घोटापकड

विषय कबड्डीतल्या पकडीचा आहे. कुस्तीच्या संघटनांचं भांडण इथे नको.

तांबडी माती

तुमचा अख्खा मुद्दा "संघटना बघून घेईल" यावर उभा आहे आणि आम्ही विचारतोय कुठली संघटना. विषय तोच आहे, राव.

काळाकोट

तांबडी मातींना अनुमोदन, हे लिहिताना हात जड झालाय. शिवाय संमती असते ती प्रतिस्पर्ध्यांची एकमेकांना. पंचाने लाथ खायला संमती दिलेली नसते. त्याच्यासाठी कलम 25 चा प्रश्नच येत नाही.

गुणलेखक

गुन्हा नोंदवा म्हणणाऱ्यांनी केस कुठे मरते तेही बघावं. ती मरते कॅज्युअल्टीत. स्पर्धेला गालबोट नको म्हणून प्रशिक्षक डॉक्टरला सांगतो, "खेळताना पडला." एमएलसीच्या (पोलीस प्रकरण होऊ शकेल अशा जखमेच्या वैद्यकीय नोंदीच्या) कागदावर तेच उतरतं. चार दिवसांनी "मुद्दाम मारलं" म्हणून ठाण्यात गेलात की समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढतो. त्यामुळे मार बसला असेल तर पहिल्या तपासणीतच तसं सांगायचं: कशाने, कुठे, शिट्टीच्या आधी की नंतर.

दुसरं, गुणपत्रक. पंच लिहितात "गैरवर्तन, लाल कार्ड". याला काही अर्थ नाही. सत्र, मिनिट, गुणसंख्या, दोघांचे पाठीवरचे क्रमांक, कोणत्या हाताने कुठे मारलं, चढाई संपली होती का, एवढं हवं आणि दोन्ही संघांच्या कर्णधारांसमोर हवं.

तिसरं, मोबाइलचं चित्रीकरण. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप दाबून लहान झालेली असते, मूळ वेळेचा तपशील निघून जातो. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवायची. साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) द्यावी लागते. आणि नुसती 115(2) ची साधी दुखापत असेल तर ती अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. लोक एनसीलाच एफआयआर समजून घरी जातात.

थर्डमॅन

शालेय स्पर्धांचं काय? 17 वर्षांखालच्यांची संमती कलम 25 मध्ये बसतच नाही.

काळाकोट

नाही बसत. इरादा किंवा जाणीव नसेल तर तरीही 117 लागत नाही, आणि मारणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे. पण या वयोगटासाठी कायद्यात स्पष्ट ओळ नाही, हे मान्य.

घोटापकड

चला, वकीलसाहेबांनी काहीतरी मान्य केलं, धागा काढल्याचं सार्थक झालं. शिट्टीनंतरचा मार आणि पंचावर टाकलेला हात तुमच्याकडे, घेऊन जा. चालू चढाईतली पकड, फाउल असली तरी, पंचांकडेच राहील.

काळाकोट

गळा दाबून धरला आणि पोरगा बेशुद्ध झाला तरी? चढाई चालूच होती की.

घोटापकड

किती सेकंद धरला त्यावर.

तांबडी माती

आणि ते सेकंद मोजणार कोण? पंच. नेमणार कोण? संघटना. कुठली?