लहान मुलांच्या घरात गणपती: दीड दिवस की गौरीपर्यंत?

खाडीकाठ:
कोकणात ज्या घरी गौर येते, तिथे गणपती बहुधा गौरीबरोबरच जातो. गौर येते अनुराधा नक्षत्रावर आणि जाते मूळ नक्षत्रावर, त्यामुळे दिवस दरवर्षी बदलतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरीविसर्जन २ सप्टेंबरला, म्हणजे सात दिवस. घरात तान्हं बाळ, दुसरं तीन वर्षांचं आणि करणारी माणसं दोनच असतील, तर रोजचा नैवेद्य, दोन्ही वेळची आरती, रात्रीची भजनं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं चहापाणी हे सगळं आईच्याच अंगावर पडतं. मुलं मोठी होईपर्यंत अशा घरांनी गणपती दीड दिवसाचा करावा, हे माझं स्पष्ट मत.

सुपातली गौर:
असहमत. कष्टाचं काम सगळं पहिल्या दीड दिवसातच असतं. साफसफाई, माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट), मूर्ती आणणं, चतुर्थीचे मोदक, दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. हे संपल्यावर तुम्ही विसर्जन करणार, म्हणजे दगदग पुरती सोसायची आणि जे दिवस निवांत असतात तेच सोडून द्यायचे!

कमी करायचंच तर काम कमी करा. एकवीस मोदकांना मध्यम वाटीने दोन वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. सारणाला दोन वाट्या खोवलेलं खोबरं नि एक वाटी चिरलेला गूळ. सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. पण त्यातलं पाणी आटेपर्यंत परता, ओलसर राहिलं तर पाकळी खालून फुटते. उकड मात्र आधी करू नका. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण ठेवा आणि सोसेल तितकी गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळा. थंड उकड मळली की मोदकाला चिरा जातात. पिठी जुनी असली तरी तेच होतं. हळदीच्या पानावर दहा-बारा मिनिटं वाफवले की झाले. कळ्या पाडायला वेळ नसेल तर साचा वापरा, देवाची ना नसते.

शाडूमाती:
दिवस किती यापेक्षा माटवीला काय बांधता ते आधी बघा. कवंडळं लालबुंद दिसतात, रांगतं मूल तोंडात घालणारच, आणि ती विषारी असतात. कळलावीही तशीच, तिच्या कंदात तर जास्तच विष असतं. माटवी आढ्याला टांगलेली असते म्हणून निर्धास्त राहू नका. दोन-तीन दिवसांत देठ सुकतात आणि फळं खाली पडतात. ही दोन वगळून आंब्याचे टाळ (डहाळ्या), सुपारीची शिपटं (घोस), नारळ आणि तेरडा बांधा, शोभा कुठे कमी होत नाही. समई पाटावर नको, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर हवी. विजेच्या माळेची वायर जमिनीवरून नेऊ नका, या दिवसांत लाद्या ओल्या असतात.

खाडीकाठ:
@सुपातली गौर, मोदकांचं पटलं. पण मधले दिवस निवांत असतात हे पटत नाही. भजनी मंडळी रात्री अकराला आली की टाळ-मृदंगाने पोरं जागी, आणि काळ्या वाटाण्याची उसळ कोण करणार? शिवाय गौरीपूजनाचा स्वयंपाक चतुर्थीइतकाच मोठा. काही घरी तर तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो, त्याची चूल वेगळी.

सुपातली गौर:
भजन ठेवायचं की नाही हे घर ठरवतं. मंडळाला आधी निरोप द्या, 'आमच्याकडे सातच्या आत या.' वाडीतली माणसं तान्ह्या बाळाचं समजून घेतात. उसळीऐवजी चहा-बिस्किटं चालतात. आणि गौरीचा ओवसा (सवाष्णींनी गौरीला सुपातून द्यायचं वाण) घरच्या बायकांनी मिळूनच करायचा असतो. ज्या घरी कामाला दोनच माणसं, त्या घरच्यांनी त्या एका दिवसासाठी मूळ घरी जावं.

शाडूमाती:
विसर्जनाचं एक राहिलं. मूल कडेवर घेऊन खाडीत उतरू नका, गाळात पाय रुततो. नऊ इंचांची शाडूची मूर्ती अंगणात मोठ्या घमेल्यात विसर्जित करा. पूर्ण विरघळायला कधी रात्रभर लागते, घाई करून ती फोडू नका. माती खाली बसली की पाणी पोफळीच्या आळ्यात ओता. मूल जवळ उभं राहून 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणू शकतं, दीड दिवसाचा असो वा सात दिवसांचा.

खाडीकाठ:
घमेल्याचं मान्य. दिवसांच्या बाबतीत माझं मत तेच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर दीडच दिवस.