इंग्लंडमध्ये कौन्सिलची प्लॅनिंग कमिटी बांधकामाच्या अर्जावर निर्णय कशी घेते?

पारावरचा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. आमच्या घरामागे, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेला पब आहे. तो पाडून तिथे १४ फ्लॅटची तीन मजली इमारत बांधण्यासाठी एका बिल्डरने कौन्सिलकडे (इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे) अर्ज केला आहे. आमच्या आणि शेजारच्या रस्त्यांवरून मिळून साठेक हरकती गेल्या, तरीही नियोजन अधिकाऱ्याच्या अहवालात मंजुरीचीच शिफारस आहे. आता हा अर्ज प्लॅनिंग कमिटीपुढे, म्हणजे निवडून आलेल्या कौन्सिलरांच्या समितीपुढे, येणार असून हरकतदारांच्या वतीने बोलण्यासाठी मला ३ मिनिटे मिळणार आहेत. आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलर बाई त्याच कमिटीवर आहेत. मात्र बैठकीत सर्व ऐकल्याशिवाय आपण कोणतीही बाजू घेणार नाही, असे त्यांनी मला कळवले आहे.

इतक्या कुटुंबांचा विरोध असताना कमिटी मंजुरी देऊ शकते का? अधिकाऱ्याची शिफारस आल्यावर बैठक हा केवळ उपचार उरतो का? आणि माझ्या ३ मिनिटांत मी काय मांडावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आराखडेवाला

मी काही वर्षे इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या नियोजन विभागात काम केले आहे, त्यामुळे आतली पद्धत सांगू शकतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थेट देतो: हो, देऊ शकते, कारण कमिटी हरकतींची संख्या मोजत नाही, त्यांतले मुद्दे तपासते. एकाच मजकुराची साठ पत्रे आली तर अहवालात तो एकच मुद्दा म्हणून येतो, आणि एकाच माणसाने मोजमापासह मांडलेला मुद्दा अर्ज फेटाळायला पुरेसा ठरू शकतो. २००४ च्या नियोजन कायद्यातील कलम ३८(६) नुसार निर्णय त्या भागाच्या विकास आराखड्याला धरूनच घ्यावा लागतो. त्यापासून दूर जायचे असेल तर तसे करायला भाग पाडणारी दुसरी भक्कम नियोजनविषयक बाब असावी लागते. म्हणून अधिकारी अहवाल लिहिताना आधी कौन्सिलच्या लोकल प्लॅनमधली, म्हणजे या विकास आराखड्याच्या मुख्य भागातली, धोरणे घेतो, मग केंद्र सरकारची राष्ट्रीय नियोजन धोरण चौकट, आणि त्यानंतर महामार्ग, पर्यावरण, सांडपाणी अशा विभागांचे अभिप्राय व शेजाऱ्यांच्या हरकती.

कोणत्या हरकतींना वजन आहे, हे इथे फार महत्त्वाचे ठरते. शेजारच्या घराचा उजेड अडणे, खिडक्यांतून थेट घरात किंवा अंगणात नजर जाणे, रस्त्यावरची सुरक्षितता, पार्किंगचा ताण, आवाज, इमारतीचा आकार परिसराशी विसंगत असणे, जुन्या वारसा वास्तूला बाधा येणे, या गोष्टी विचारात घेतल्या जातात. तुमच्या घराची किंमत उतरेल, खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, बिल्डर लोभी आहे, सामाईक भिंतीचा वाद आहे, या गोष्टी विचारात घेतल्या जात नाहीत. सामाईक भिंतीसाठी तर १९९६ चा वेगळा कायदाच आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या हरकतपत्रांपैकी निम्म्याहून अधिक मजकूर दुसऱ्या प्रकारचा असे, आणि त्यात दडलेला एखादा खरा मुद्दा वाचणाऱ्याच्या हातून सहज निसटत असे. याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे, कारण त्या पत्रांमागची काळजी खरी असते.

आणखी एक गोष्ट अहवालात आवर्जून शोधा: तुमच्या कौन्सिलकडे पुढच्या ५ वर्षांच्या घरबांधणीला पुरेल एवढी जमीन निश्चित झालेली आहे का. ती नसेल तर राष्ट्रीय धोरणानुसार पारडे मंजुरीकडे झुकते, आणि प्रकल्पाचे तोटे त्याच्या फायद्यांपेक्षा ठळकपणे व सिद्ध करता येतील इतके जास्त आहेत, हे दाखवावे लागते. अशा वेळी १४ नव्या घरांना मोठे वजन मिळते.

माजी सभासद

मी एका कौन्सिलमध्ये निवडून आलो होतो आणि प्लॅनिंग कमिटीवर बसलो आहे. बैठक हा उपचार उरतो का, या प्रश्नाविषयी लिहितो.

बहुतेक अर्ज कमिटीपर्यंत येतच नाहीत. अधिकारी त्यांना दिलेल्या अधिकारात ते निकाली काढतात. जे मोठे किंवा वादाचे असतात, किंवा वॉर्डाच्या कौन्सिलरने कमिटीपुढे आणण्याची मागणी केलेली असते, तेच आमच्यासमोर येत. बैठकीच्या किमान ५ पूर्ण दिवस आधी अहवाल जाहीर होतो. बैठकीत अधिकारी पडद्यावर नकाशे आणि जागेची छायाचित्रे दाखवतो, मग हरकतदार, अर्जदार किंवा त्याचा एजंट आणि वॉर्डाचे कौन्सिलर ठरावीक वेळ बोलतात. त्यानंतर सभासद अधिकाऱ्याला प्रश्न विचारतात. कोणीतरी ठराव मांडतो, दुसरा त्याला अनुमोदन देतो आणि हात वर करून मतदान होते. या मतदानात पक्षाचा व्हिप चालवणे अयोग्य मानले जाते.

शिफारशीविरुद्ध मत देण्याचा कमिटीला पूर्ण अधिकार आहे आणि आम्ही तो वापरलाही आहे. मात्र "मी नकाराचा ठराव मांडतो" असे कोणी म्हणताच शेजारी बसलेला कायदा अधिकारी लगेच विचारतो, "कारण काय आणि कोणत्या धोरणाखाली?" त्या क्षणी सभासदाकडे उत्तर नसेल तर ठराव ढासळतो. कारण अर्ज नाकारला की बिल्डर ६ महिन्यांत केंद्राच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे अपील करू शकतो, आणि कौन्सिलला आपले कारण पुराव्याने टिकवता आले नाही तर बिल्डरचा अपिलाचा खर्चही तिच्यावर बसू शकतो. म्हणजे मनातून तुमच्या बाजूने असलेल्या सभासदालाही वापरता येईल असे वाक्य हवे असते, आणि ते तुम्ही द्यायचे असते.

उलट दिशेनेही हेच लागू आहे. केंटमध्ये डोव्हर जिल्हा कौन्सिलच्या कमिटीने निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित असलेल्या टेकड्यांच्या परिसरात ६०० हून अधिक घरांना परवानगी दिली. संवेदनशील भागातली घरे कमी करून एकूण संख्या खाली आणावी, असे अधिकाऱ्यांनी सुचवले होते. कमिटीने ते बाजूला ठेवले आणि त्याची पुरेशी कारणे नोंदवली नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये कारणांच्या अभावी ती परवानगी रद्द ठरली. निवडून आलेल्या माणसांनी तज्ज्ञांचे ऐकलेच पाहिजे असे नाही, पण का ऐकले नाही हे लोकांना कळले पाहिजे, हा मला त्या निकालाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

तुमच्या कौन्सिलर बाईंवर रागावू नका. मन आधीच बंद करून मतदानाला बसणाऱ्या सभासदामुळे निर्णय न्यायालयात अडचणीत येऊ शकतो. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने थोडी मोकळीक दिली आहे; आधी व्यक्त केलेला कल म्हणजे बंद मन असे आता आपोआप मानले जात नाही. तरीही बहुतेक सभासद जपून बोलतात आणि ते योग्यच आहे. त्यांना तुमच्या बाजूने उघडपणे लढायचे असेल, तर त्या अर्जापुरते मतदानातून बाजूला होऊन वॉर्डाच्या प्रतिनिधी म्हणून बोलण्याचा पर्याय त्यांच्यापुढे आहे. तसे त्यांना नम्रपणे सुचवून पाहा.

नदीकाठ

मी पुण्यात नगररचना सल्लागार आहे. मूळ प्रश्नाशी संबंध आहे म्हणून थोडेच लिहितो. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ही पद्धत अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे एकेका इमारतीच्या परवानगीवर नगरसेवकांची समिती मतदान करत नाही. इमारत विकास नियंत्रण नियमावलीत बसत असेल तर प्रशासन परवानगी देते आणि शेजाऱ्याला विचारण्याची पायरीच सहसा येत नाही. लोकांच्या हरकतींची खरी जागा म्हणजे शहराचा प्रारूप विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम २८ खाली स्थायी समितीचे ३ सदस्य आणि जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ अशी नियोजन समिती त्या हरकतींवर सुनावणी घेते. इंग्लंडमध्ये आराखडा आणि प्रत्येक अर्ज अशा दोन्ही टप्प्यांवर बोलता येते. तुमच्या कौन्सिलचा लोकल प्लॅन पुन्हा तयार होऊ लागेल, तेव्हा तिथेही जरूर हरकत नोंदवा.

पारावरचा

सर्वांचे मनापासून आभार. अहवाल पुन्हा वाचला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्या आमच्या मागच्या खिडक्यांपासून १६ मीटरवर येतात. नकाशात मात्र आमचे मागचे वाढवलेले स्वयंपाकघर दाखवलेलेच नाही, आणि अंतर जुन्या भिंतीपासून मोजले आहे. याला काही अर्थ आहे का?

आराखडेवाला

याला पुष्कळ अर्थ आहे आणि हाच तुमचा मुख्य मुद्दा आहे. समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये साधारण २१ मीटर अंतर असावे, असे अनेक कौन्सिलांच्या मार्गदर्शिकेत असते. तुमच्या कौन्सिलच्या मार्गदर्शिकेतला आकडा शोधून त्याचा परिच्छेद क्रमांक लिहून घ्या. स्वयंपाकघर नकाशात नसल्याचे अर्जाची फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला आजच लेखी कळवा, सोबत छायाचित्र आणि मोजमाप जोडा. बैठकीच्या दिवशी सभासदांना सुधारणांचे पुरवणी पत्रक दिले जाते. चूक त्यात आली की ती कमिटीच्या अधिकृत नोंदीत येते. सभासदांनी मतदानापूर्वी जागा पाहावी, अशी विनंतीही त्याच पत्रात करा. जागेची पाहणी ठरली तर अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत लांबणीवर पडू शकतो.

३ मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्दांहून जास्त बोलता येत नाही, म्हणून इतर सर्व गाळा. पहिल्या मिनिटात अंतर आणि नकाशातली चूक सांगा, दुसऱ्यात उजेड किंवा पार्किंग यांपैकी ज्याचा पुरावा हाती आहे ते एकच, आणि तिसऱ्यात नकाराचे कारण धोरणाच्या क्रमांकासह तयार वाक्यात वाचून दाखवा, म्हणजे एखाद्या सभासदाला ते तसेच ठरावात घेता येईल. पब बंद असला तरी तो सामाजिक सुविधा म्हणून टिकवण्याविषयी लोकल प्लॅनमध्ये धोरण असू शकते. पब म्हणून ती जागा विकण्याचा खरा प्रयत्न झाला होता का, हे अहवालात लिहिलेले नसेल तर त्याचा उल्लेख एका वाक्यात करा.

मंजुरी मिळालीच, तर हरकतदाराला अपिलाचा हक्क नाही. उरतो तो फक्त ६ आठवड्यांत उच्च न्यायालयात जाण्याचा महागडा मार्ग, आणि तिथेही निर्णय बरोबर होता की चूक हे न पाहता तो कायदेशीर रीतीने घेतला का, एवढेच पाहतात. म्हणून भाषणाच्या शेवटी अटींची मागणी करून ठेवा: तुमच्या बाजूच्या बाल्कन्यांना १.८ मीटर उंचीचा धूसर काचेचा आडोसा, त्या बाजूच्या खिडक्यांना न उघडणारी धूसर काच आणि बांधकामाच्या वेळांवर मर्यादा. या अटी परवानगीपत्रात लिहिल्या गेल्या, तर पुढे बिल्डरने त्या मोडल्यास कौन्सिलच्या अंमलबजावणी विभागाकडे तक्रार करता येते.