‘जर्मनांनी मान खाली घातली’ म्हणे!

तिरपागडा: काल इथे एकाने लिहिलं, ‘पापाची कबुली जर्मनांकडून शिका, युद्ध संपताच त्यांनी मान खाली घातली.’ वाचून डोकं उठलं. न्युरेंबर्गच्या ज्यूविरोधी कायद्यांवर भाष्य लिहिणारा हान्स ग्लोब्के १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या सरकारप्रमुखाच्या, म्हणजे चान्सेलर आडेनाउअरच्या, कार्यालयाचा प्रमुख होता! फ्रांकफुर्टला आउश्वित्झ या मृत्युछावणीचा खटला उभा राहायला १९६३ उजाडलं, तेही फ्रित्झ बाउअर हा ज्यू सरकारी वकील हट्टाला पेटला म्हणून. ज्यूंना छावण्यांत धाडणाऱ्या फरार नाझी अधिकाऱ्याचा, आइकमनचा, पत्ता त्याने गुपचूप इस्रायलला कळवला, कारण आपल्याच यंत्रणेवर भरवसा नव्हता. १९७० मध्ये चान्सेलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसला, तर ‘श्पीगेल’ साप्ताहिकाच्या पाहणीत ४८ टक्के लोकांना ते अतिच वाटलं. आणि ब्रांट तर नाझींपासून पळून गेलेला माणूस!

कोलोनकर: बरं, उशिरा केलं. पण केलं ना? १९५२ मध्ये इस्रायलला ३ अब्ज मार्क कबूल केले. इथे कोलोनला आमच्या इमारतीच्या दारात फुटपाथवर, नाझींनी नेलेल्या लोकांच्या आठवणीचे तीन पितळी दगड आहेत. ‘इथे राहत होती’, खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं ते. रोज दिसतात.

देशस्थ_२: दिसतात की तुडवता? मेलेल्याच्या नावावर पाय! म्युनिकने अशा दगडांना सार्वजनिक रस्त्यावर परवानगी दिलेली नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांचाच विरोध आहे.

वारकरी_पुणे: मग पंढरपूरची नामदेव पायरी काय म्हणायची?

देशस्थ_२: अहो, ती नामदेवांनी स्वतः मागून घेतली! यांना कुणी विचारलं होतं? शिवाय त्या पायरीवर पाय कोण देतं? डोकं टेकतात.

वारकरी_पुणे: मागितले होते ते संतांच्या पायांचे कण. तुमच्या बुटांचे नव्हे, हे मान्य.

अलिबागचा_बाळ्या: आमच्याकडे शनिवार तेली, म्हणजे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, शेकडो वर्षं सुखाने राहिले, कुणी बोट लावलं नाही. त्यावर कुणी धागा काढत नाही!

तिरपागडा: बाळ्याशेठ, छळलं नाही म्हणून सत्कार करायचा का? शाल तुम्ही आणा, नारळ माझा.

अलिबागचा_बाळ्या: टिंगल करा. चांगलं काही सांगितलं की पोटात दुखतंच तुमच्या.

कोलोनकर: भांडण आवरा. पाय पडतो हे खरंय, मलाही आधी कसंसंच व्हायचं. पण वाचायचं तर वाकावं लागतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दर ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्यूंची घरंदारं फोडली त्या रात्रीच्या आठवणीत, जुन्या टूथब्रशने ते दगड घासतात. एकदा मी पाण्याची बादली धरून उभी होते, तर म्हणाल्या, ‘या लोकांना नेल्यावर त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. आमच्या आईने कपाट घेतलं. स्वस्त पडलं.’ मग पुन्हा घासायला लागल्या.

देशस्थ_२: … दगडांबद्दल माझं मत तेच आहे. आजींबद्दल काही बोलत नाही.

तिरपागडा: ठीक. तुमच्या आजींपुरता मी शब्द मागे घेतो, सरकारपुरता नाही. ते कपाट कुठंय आता?

कोलोनकर: त्यांच्याच घरात. चादरी ठेवतात त्यात.