मदत हवी आहे : संतांनी आपला पैसा शाळांना का दिला नाही?

वसईची_बाई :
रविवारी धर्मशिक्षणाच्या मुलांसमोर पाच मिनिटं बोलायचंय, शिक्षकांच्या आश्रयदात्या संतांवर. मी लिहिलं की त्यांनी सगळी संपत्ती शाळांना दिली. आमचे फादर म्हणाले, चूक, गरिबांना वाटली. मग शाळा चालल्या कशावर? शनिवारी कागद दाखवायचाय, लवकर सांगा.

माटुंगेकर :
डॉन बॉस्को ना? त्यांच्याकडे वाटायला होतं काय! वडील लहानपणीच गेले, आईने शेतीवर वाढवलं. इटलीतल्या तूरिनमध्ये १८४१ पासून रस्त्यावरची पोरं गोळा केली ती देणग्या मागूनच.

वसईची_बाई :
डॉन बॉस्को नाही हो, ला साल! फ्रान्समधल्या रॅन्सचे. शिक्षकांचे म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

निवृत्त_मास्तर :
नाव आधीच द्यायचं ना ताई. तुमचे फादर बरोबर आहेत. ला साल १६५१चे, घर श्रीमंत, सोळाव्या वर्षीच कॅथेड्रलचे कॅनन, म्हणजे नेमणुकीचं उत्पन्न मिळणारे धर्माधिकारी. एकविशी पूर्ण व्हायच्या आत आईवडील दोघं गेले, धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर. अशात गरीब मुलांच्या शाळांचे मास्तर त्यांनी स्वतःच्या पंगतीला बसवले. नातेवाईक भडकले.

आता तुमचा प्रश्न. मास्तरांना उद्याची धास्ती होती. ला साल म्हणाले, देवावर भरवसा ठेवा. मास्तर उलटून म्हणाले, तुमच्यामागे वतन आहे, वाडवडिलांचा पैसा आहे. शाळा बुडाल्या तर आम्ही कुठे जायचं? हे त्यांना लागलं. १६८३ मध्ये कॅननपद सोडलं, तेही भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिलं. त्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा सगळा पैसा भाकरीत गेला. शाळांना दिला असता तर मास्तर पुन्हा त्यांच्याच पैशाचे मिंधे झाले असते. शाळांचा खर्च गावं, चर्च आणि दाते द्यायचे. मुलांना फी नव्हती.

माटुंगेकर :
तरी मला हे पटत नाही. पैसा हाताशी ठेवून आणखी शाळा काढता आल्या असत्या. डॉन बॉस्कोंनी कार्यशाळा काढल्या, मुलांना हुन्नर दिला.

निवृत्त_मास्तर :
दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तुलना कशाला? उलट त्या फुकट शाळांमुळे पॅरिसच्या लेखनगुरूंचे, म्हणजे पैसे घेऊन लिहायला शिकवणाऱ्यांचे, फी देणारे विद्यार्थी तुटले. त्यांनी ला सालना कोर्टात खेचलं.

मराठी_शाळा :
मुद्द्याची गोष्ट राहिली! तेव्हा वाचन लॅटिनमधून सुरू व्हायचं. ला सालनी आधी फ्रेंच वाचायला शिकवलं, घरात बोलतात ती भाषा. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजीचा अट्टहास करणाऱ्या पालकांना हे वाचून दाखवा.

नवा_पालक :
ब्रदर लोकांच्या शाळेत ज्युनिअर केजीचे फॉर्म कधी निघतात? कुणाला माहीत आहे का?

मराठी_शाळा :
वेगळा धागा काढा.

वसईची_बाई :
मास्तर, ते "आम्ही कुठे जायचं" मुलांना नक्की कळेल. पण वर्गातलं काहीतरी डोळ्यांपुढे येईल असं सांगा ना.

निवृत्त_मास्तर :
आधी मास्तर एकेकाला जवळ बोलवून शिकवायचा, बाकीची पोरं नुसती बसायची. ला सालच्या वर्गात सगळे एकच धडा एकदम उघडायचे. एक वाचायचा, बाकीचे मनात. चुकला की मास्तर ओरडायचा नाही, हातातलं छोटं साधन टक्‌कन वाजवायचा.

वसईची_बाई :
घरात दांडियाच्या टिपऱ्या आहेत. चालतील?

निवृत्त_मास्तर :
पळतील! एका मुलाला वाचायला उभा करा आणि तुम्ही अजिबात बोलू नका.