सोसायटीचं शनिवारचं जेवण: नावं कुणाकुणाची?

ए-१०४ वहिनी: शनिवारी जे टेबलावर भाजून खायचं हॉटेल ठरवलंय, तिथं आम्ही रविवारी जाऊन आलो. सोमवारी रात्री धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. आज कुठं दोन घास वरणभात पोटात गेलाय. कृपया जागा बदला.

खजिनदार: नमस्कार. आत्तापर्यंत ३८ नावे आली आहेत. ॲडव्हान्स दिलेला आहे, परत मिळणार नाही. राहिलेल्यांनी रात्री ९ पर्यंत नावे द्यावीत. 🙏

बी-३०२ बापू: वहिनी, पोराला जपा आधी. पण मला एक कळंना, पैसे देऊन आपणच भाजायचं असेल तर हॉटेलात कशाला जायचं? घरात शेगडी हाय की 😄

सी-२०१ दादा: बापू, तीच तर मजा! कोरियात असंच असतं. टेबलात मधोमध शेगडी, मांसाच्या पट्ट्या भाजायच्या, तिथंच कात्रीनं कापायच्या आणि पानात गुंडाळून खायच्या. जपानमध्ये याकिनिकू म्हणतात. चीनमध्ये हॉटपॉट, म्हणजे उकळत्या रश्श्यात बुडवून. सांगलीत आत्ता कुठं असलं काही आलंय, तर लगेच नको?

ए-१०४ वहिनी: दादा, नव्याला माझी ना नाही, पोरांच्या हट्टानं मीच घेऊन गेले होते. पण काय बघितलं ते सांगते. ताटात कच्चं चिकन आलं, खाली तांबडं पाणी साठलेलं. चिमटा एकच, दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेला. त्यानंच कच्चं जाळीवर ठेवायचं, त्यानंच भाजलेलं उचलायचं आणि परत त्याच ताटात टाकायचं. दुसरा चिमटा दोनदा मागितला. पोऱ्या "आणतो मॅडम" म्हणून गेला तो गेलाच. तुकडे वरून करपलेले, तोडले तर आत गिळगिळीत.

खजिनदार: कृपया विषयांतर नको. ३८ नावे. ॲडव्हान्स परत मिळणार नाही. 🙏

ए-३०३ काकू: विषयांतर कसं ओ? आणि आमचं पनीर त्याच जाळीवर का? मी मीटिंगमध्येच विचारलं होतं, कुणी उत्तर दिलं नाही. मागच्या वर्षी हुरड्याच्या वेळीही शाकाहारी लोकांना शेवटी नुसतं दही उरलं होतं.

बी-३०२ बापू: काकू, हुरड्याला नाव ठेवू नका. उघड्या रानात आगटी, गोवऱ्यांवर कणसं, गरम गरम चोळून हातावर देणारा जाणता गडी. शेंगदाण्याची चटणी, गूळ. तिथं कुणाला उलटी झाली का?

खजिनदार: हुरड्याचा हिशोब मीच दिला होता. त्यावर ज्यांना अजून बोलायचंय त्यांनी घरी यावं.

बी-३०२ बापू: हिशोबाचं कोण बोललं? 🙄

बी-१०१ डॉक्टर काका: जरा ऐका. मुलाला नेमकं कशामुळं झालं हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण वहिनींचा मुद्दा बरोबर आहे. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. तुकडा अगदी मधोमध ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की ते मरतात. निखाऱ्यावर वरची बाजू लवकर काळी पडते, आतला भाग मागं राहतो. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. कच्च्याचा चिमटा, ताट आणि मसाला लावायचा ब्रश वेगळाच हवा. वहिनी, मुलाला पाणी घोट-घोट देत राहा. लघवी कमी वाटली तर लगेच घेऊन या.

ए-१०४ वहिनी: हो काका, ओआरएस चालू आहे. अजून एक राहिलं. कोळसा होता आणि एसीसाठी सगळं बंद. आमच्या सासूबाईंचं डोकं जड झालं. बाहेर पायरीवर बसवल्यावर दहा मिनिटांनी बरं वाटलं.

बी-१०१ डॉक्टर काका: हे मला चिमट्यापेक्षा गंभीर वाटतं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. कोरियात टेबलावर धूर ओढायचा पाइप लोंबत असतो तो उगाच नाही. इथं आहे का?

सी-२०१ दादा: फोटोत तरी दिसत नाही... हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बी-३०२ बापू: आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावत्यात का बघा. आपणच भाजायचं, वर सर्व्हिसचे पैसे?

सी-२०१ दादा: तो आपोआप लावता येत नाही बापू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ पासून निर्देश आहेत. काढायला सांगायचा.

खजिनदार: ३८ नावे. ॲडव्हान्स परत मिळणार नाही. 🙏

ए-३०३ काकू: अहो, तेच तेच काय टाकताय! पोराची चौकशी तरी केलीत का?

चेअरमन अण्णा: सर्वांनी शांत राहावे. मी आत्ता हॉटेलवाल्याला फोन केला. प्रत्येक टेबलाला दोन चिमटे देतो म्हणाला, शाकाहारी शेगडी वेगळी देतो म्हणाला. धुराचा पाइप नाही. खिडक्या काचेच्या आहेत, उघडत नाहीत.

ए-१०४ वहिनी: अण्णा, फोन केलात, आभारी आहे. मग आमची चार नावं काढा. ॲडव्हान्समधला आमचा वाटा मी भरते.

ए-३०३ काकू: आमची दोन काढा.

बी-१०१ डॉक्टर काका: माझं एक. अण्णा, गच्चीवर पिठलं-भाकरी केली तर भाकऱ्यांचं आमच्या घरी सांगतो.

खजिनदार: ३१ नावे. वहिनी, वाट्याचं नंतर बघू. पोरगं कसं आहे आता?

ए-१०४ वहिनी: झोपलंय.