मदत हवी आहे : राजाबाई टॉवरवरील मानवी शिल्पांविषयी

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील ग्रंथालयाच्या इमारतीवर मी एक टिपण तयार करीत असून, त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची देणगी, त्यांच्या मातोश्रींवरून मनोऱ्याला मिळालेले नाव, १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झालेले बांधकाम हा तपशील सर्वत्र आढळतो, त्यामुळे तो पुन्हा सांगू नये. इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता इंग्लंडमधूनच आराखडे पाठवले, हेही सर्वश्रुत आहे; किंबहुना म्हणूनच प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्थानिक हातांविषयी मला अधिक कुतूहल वाटते.

सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या ज्या मानवाकृती आहेत, त्या साहाय्यक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडवल्या. खालून पाहिल्यास पगडीचे घाट आणि वस्त्रांच्या चुण्या जेमतेम दिसतात. चेहरे मात्र दुर्बिणीशिवाय ओळखू येत नाहीत.

प्रत्येक आकृती नेमक्या कोणत्या समाजाची आहे, याची नोंद कोठे मिळेल? कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या भिंती उभारणारे आणि पोरबंदरच्या मऊ दगडावर कोरीवकाम करणारे पाथरवट कोण होते? २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराच्या वेळी, विशेषतः रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त होत असताना, या शिल्पांची जवळून छायाचित्रे कोणी घेतली असल्यास कृपया कळवावे. मराठी साधने असल्यास उत्तमच.