दुसऱ्याच्या गाण्याच्या क्लासला जाऊन बसायची काही रीत आहे की नाही?

पांढरी_पाच:
परवा इथे कोणीतरी लिहिलं की गुरू म्हणजे मालक नव्हे, मुंबईत गल्लोगल्ली क्लास आहेत, मन लागेल तिथे जाऊन बसा, परवानगी कसली मागायची. खाली टाळ्याच टाळ्या. मी दादरला शिकवते आणि कोणी ऐकायला आलं तर मला आनंदच होतो. पण मध्ये एक मुलगी आली, ओळख ना पाळख, थेट पुढे बसली, फोन माझ्या पेटीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू, आणि बिहाग रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल चाललेला असताना मध्येच म्हणते, आमचे सर तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, एवढा घेत नाहीत. अगं नसतील घेत! जुने लोक बिहागात तो निसटताच लावायचे, आता सर्रास लावतात, दोन्ही चालतं. पण हे माझ्या पोरांसमोर, ख्याल चालू असताना? आधी आपल्या सरांच्या कानावर घालावं, मग मला फोन करावा, मागे बसावं, म्हण म्हटलं तरच म्हणावं, शंका क्लास सुटल्यावर. फार मागतेय का?

खर्जातला_खडूस:
ती पोस्ट माझीच. परवानगी मागितल्यावर काय होतं तेही लिहा ना. बोरिवलीला एकांकडे शिकायचो, विशारद परीक्षेचं वर्ष, सहज विचारलं की पार्ल्याला एक बाई ठुमरी छान शिकवतात, ऐकायला जाऊ का. पुढे दिवाळीपर्यंत मला फक्त यमन, नवशिक्यांचा राग. आणि घराण्याचं सोवळं कोणाला सांगताय? गायक भास्करबुवा बखले ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर तिन्ही घराण्यांत शिकले. जयपूर घराण्याच्या किशोरीताई आमोणकर आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँकडे शिकल्या, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या.

पांढरी_पाच:
आणि त्यांना तिथे धाडलं कोणी? मोगूबाईंनीच ना, म्हणजे आईनेच आणि गुरूनेच. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडलं की हो.

ठाण्याचा_ठेका:
गाणारे भांडत बसा, तबल्याचं कोणाला काय पडलंय. पाहुणा आला की न विचारता डग्ग्यावर थाप, घामट बोटं तबल्याच्या शाईवर, त्या मधल्या काळ्या गोलावर. एकाने तर माझी हातोडी उचलून सूर जुळवायचे लाकडी गठ्ठे ठोकायला घेतले, म्हणे सूर उतरलाय वाटतं. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावू नये हे घरी शिकवत नाहीत का?

मेगाब्लॉक_पीडित:
उशीर झाला तर दाराबाहेर थांबा, ख्याल तोडू नका, हे पण लिहाल आता. रविवारीच क्लास ठेवता आणि रविवारीच मेगाब्लॉक, डोंबिवलीहून निघालेल्या माणसाने करायचं काय, आदल्या रात्री येऊन प्लॅटफॉर्मवर झोपायचं?

रियाज_अर्धवट:
रेकॉर्डिंगचा एवढा राग का ते मला कळलं नाही. नोकरी करून शिकतो, बंदिश एकदा ऐकून राहत नाही, अंधेरी ते चर्चगेट कानात लावून पाठ करतो. जुन्या बुजुर्गांनी चिजा, म्हणजे बंदिशी लपवल्या आणि सोबत घेऊन गेले, कोणाचं भलं झालं? गायिका केसरबाई केरकर फारसं रेकॉर्डिंग करू द्यायच्या नाहीत, पण जे थोडं झालं त्यातलीच भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली ना!

पांढरी_पाच:
केसरबाई स्वतः माइकसमोर बसून गायल्या. माझ्या क्लासातल्या लहान पोरीचा घसरलेला पलटा आणि ते, एकच? त्या पाहुणीने ती क्लिप कुठल्याशा ग्रुपवर टाकली, खाली हसणारे चेहरे. पोरीची आई मला विचारायला आली. पोर अजून एकटीने गायला तोंड उघडत नाही.

रियाज_अर्धवट:
मी असलं कधी केलेलं नाही. मला कशाला ऐकवताय?

खर्जातला_खडूस:
क्लिप टाकणं वाईटच, तेवढं मान्य. पण क्लासवाले स्वतः पोरांच्या रील टाकतात, जाहिरात करतात, तेव्हा आईबापांना विचारतात का?

पांढरी_पाच:
मी विचारते.

खर्जातला_खडूस:
मग तुम्ही देवमाणूस. माझ्या भाचीला गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात ताल चुकल्याचा व्हिडिओ क्लासच्याच पेजवर सापडला, काढा म्हटलं तर सर म्हणे त्याला लाइक चांगले आलेत.

गिरगावची_आत्या:
फीचं कोणी बोलूच नका. नुसतं ऐकायला आले म्हणत महिनाभर बसतात, बंदिश उचलतात आणि गायब. एक-दोनदा ऐकणं ठीक, पुढे पाकीट काढा की. आणि ते रेकॉर्डिंगवाले दादा, चिजा लपवल्या म्हणून रडताय, मग नोटेशनची वही घाला की आणि लिहून घ्या. तेवढ्यासाठी फोन कशाला?

रियाज_अर्धवट:
मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं, वहीत लिहून दाखवा, आत्या. पाया पडतो.

खर्जातला_खडूस:
बरं बाई, तुम्हाला फोन करून येतो, मागे बसतो, तोंड बंद. माझ्या सरांना मात्र नाही विचारणार, ते पुन्हा यमनवर नेतील. की दोघांच्या सह्या लागतात?

पांढरी_पाच:
लागतात. एवढं इथे लांबलचक लिहिता येतं, तर सरांना एक फोन नाही होत? करा आणि शनिवारी या, रविवारी डोंबिवलीचे साहेब मध्यलयीला, म्हणजे विलंबित संपल्यावर उगवतात.

मेगाब्लॉक_पीडित:
शनिवारी मला शिफ्ट असते. त्याचं काय?